भाजल्या हाताची नोंद कोणत्या वहीत?

बार्शीटाकळीच्या प्राचीन देवळातला शिलालेख शके १०९८ चा, म्हणजे इ. स. ११७६ चा. कुणीतरी दगडावर कोरून ठेवले, म्हणून साडेआठशे वर्षांपूर्वीचे काही आपण आज खात्रीने सांगू शकतो. नोंदीचे मोल ते हेच. आणि नोंदी ठेवण्यात आपली मराठी शाळा कुणाला हार जाणारी नाही. हजेरीपट आहे, तांदळाचे साठा रजिस्टर आहे, शेरेबुक आहे; खिचडी गुरुजींनी चाखून पाहिली, याचीही नोंद आहे. मात्र उकळत्या पातेल्यावरचे झाकण काढताना स्वयंपाकाच्या मावशींचा हात भाजला, तर ते कोणत्या वहीत लिहायचे? शिडीवरून शिपाई पडला, जुन्या कपाटातली फाइल काढताना बाईंना विंचू चावला, तर?

प्रश्न वाटतो तितका किरकोळ नाही. १५ ऑगस्ट १९९५ रोजी पोषण आहाराची योजना सुरू झाली, तेव्हा मुले महिन्याला तीन किलो तांदूळ घरी नेत. २८ नोव्हेंबर २००१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शिजवलेले अन्न देण्याचा आदेश दिला आणि शाळेत चूल पेटली. ते योग्यच झाले. पण चुलीबरोबर धूर, जाळ, जड पातेली आली आणि ती उचलणाऱ्या बायकाही आल्या. त्यांना मिळते ते वेतन नव्हे, मानधन! केंद्राने डिसेंबर २००९ पासून ते महिना एक हजार रुपये ठरवले, तेही वर्षातले दहाच महिने. राज्ये त्यात आपली भर घालतात. यात मान किती आणि धन किती, हे वाचकांनीच ठरवावे.

कारखान्यात अपघात होऊन कामगार ४८ तास कामावर येऊ शकला नाही, तर मालकाने ते सरकारला कळवलेच पाहिजे, असा दंडक १९४८ च्या कारखाने कायद्याने घातला होता. शाळा म्हणजे कारखाना नव्हे, हे मान्य. पण भाजलेल्या हाताची आग दोन्हीकडे सारखीच असते.

नोंद टळते ती भीतीने. हेडमास्तरांना वाटते, लिहिले तर चौकशी मागे लागेल. मावशींना वाटते, बोलले तर काम जाईल. मग हाताला हळद लावून त्या दुसऱ्या दिवशी पुन्हा चुलीपुढे बसतात आणि तेच डगमगते पातेले तसेच डगमगत राहते.

लहान अपघात हा मोठ्या अपघाताचा सांगावा असतो. १६ जुलै २००४ रोजी तमिळनाडूतल्या कुंभकोणम येथे शाळेच्या स्वयंपाकघरातली आग गवती छपराला लागली आणि ९४ मुले गेली. बरोबर नऊ वर्षांनी, १६ जुलै २०१३ रोजी, बिहारच्या सारण जिल्ह्यात कीटकनाशक मिसळलेल्या तेलातले जेवण जेवून २३ मुले दगावली. तेलाबद्दल स्वयंपाकिणीने आधीच शंका घेतली होती, असे तेव्हाच्या बातम्यांत आले होते. चुलीजवळच्या बाईला धोका सर्वांत आधी कळतो; तिचे म्हणणे ऐकून घेण्याची सोय मात्र कुठेच नसते.

गुरुजी म्हणतील, आधीच कागदांनी आम्ही वाकलो आहोत, त्यात आणखी एक वही? तक्रार खरी आहे. म्हणूनच ही वही शंभर पानी साधीच असावी. चार रकाने पुरेत: काय झाले, कुणाला लागले, कशामुळे, आणि पुन्हा होऊ नये म्हणून काय केले. थोडक्यात टळलेला अपघातही त्यात यावा. केंद्रप्रमुखांनी ती महिन्याला पाहावी, पंचायत समितीने दुरुस्तीचा खर्च त्यावरून ठरवावा. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे खरे लिहिणाऱ्याला शिक्षा होणार नाही, हे गटशिक्षणाधिकाऱ्यांनी लेखी द्यावे. ती हमी नसेल तर वही कोरीच राहील, आणि कोऱ्या वहीवरून 'आमच्याकडे अपघात होत नाहीत' असा अहवाल वर जाईल.

वऱ्हाडातल्या शाळा जूनअखेर उघडतात. जुलैत छपरे गळतात, भिंतींना ओल येते, विंचूकाटा निघतो. तेव्हा १६ जुलैलाच ही वही पालकसभेत मोठ्याने वाचावी. त्या सभेला मावशींनाही बोलवावे, मात्र चहा करायला नव्हे.