आधी पाठ, मग आवाज
अमेरिकेतल्या मार्चिंग बँडचा टेनर-संच, म्हणजे अंगावर अडकवून वाजवायचे ड्रम, निवडताना वाजवणाऱ्याची पाठ आधी पाहावी. मोठ्यांचा संच 10, 12, 13 आणि 14 इंची. शाळकरी मुलांना 8, 10, 12, 13चा पुरे. शिवाय 6 इंची छोटा ड्रम जोडायचा मोह होतोच, पण प्रत्येक ड्रमचं ओझं शेवटी त्याच खांद्यांवर येतं! हे ड्रम खालून उघडे, म्हणजे सगळा सूर वरच्या एका पानावर. किल्लीने समोरासमोरचे बोल्ट थोडेथोडे आवळावेत; एकाच बाजूने पिळलं की पान तिरकं बसतं. पान बदलताना ड्रमची कड बोटाने चाचपावी. तिथे खाच असेल तर नवं, महागडं पानही बेसूरच बोलतं. आणि तापलेल्या बंद गाडीत संच ठेवून जाणं मला तरी अक्षम्य वाटतं.