खासगी कंपनीतल्या शिकाऊ जागांवरही आरक्षण आहे. ते मागणार कोण?

मागच्या उन्हाळ्यात मुखेड तालुक्यातल्या एका वस्तीवर गेलो होतो. एका घरात बारावी झालेल्या मुलाची पुण्याला जायची तयारी चालू होती. चाकणजवळच्या एका मोठ्या कंपनीत त्याची निवड झाली होती. तीन वर्षे कंपनीत काम, सोबत पदवीचा अभ्यास आणि दरमहा स्टायपेंड. आई शेतमजूर. तिने मला साधाच प्रश्न विचारला, "सर, ह्याला नोकरी म्हणायची का कॉलेज?"

मला एका वाक्यात उत्तर देता आलं नाही. नांदेड-लातूरच्या अनेक घरांत आज हाच प्रश्न आहे. 'कमवा आणि शिका, पदवीही मिळवा' अशा जाहिराती व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतात. रात्रीच्या ट्रॅव्हल्सने मुलं चाकण, रांजणगाव, वाळूजला जातात. त्यात आपल्या समाजाची मुलं बरीच आहेत. म्हणून ही योजना नेमकी काय आहे, तिच्यात आपला हक्क किती आणि फसगत कुठे होते, हे नीट समजून घेतलं पाहिजे.

कायदा काय देतो, काय नाही

याचा पाया शिकाऊ उमेदवारी कायदा, 1961 हा आहे. पूर्वी अप्रेंटिस म्हटलं की आयटीआयचा मुलगा डोळ्यांसमोर यायचा. 2019 मध्ये नियम बदलले आणि पदवीचं शिक्षण घेता घेता कंपनीत शिकणारा 'पदवी शिकाऊ उमेदवार' नियमांत आला. त्याचं किमान विद्यावेतन महिना 9,000 रुपये ठरलं. 30 किंवा अधिक माणसं असलेल्या आस्थापनेने एकूण मनुष्यबळाच्या 2.5 ते 15 टक्के शिकाऊ उमेदवार घेणं बंधनकारक झालं. मे 2025 मध्ये केंद्रीय शिकाऊ उमेदवारी परिषदेने 5,000 ते 9,000 रुपयांचा हा पट्टा 6,800 ते 12,300 रुपयांपर्यंत नेण्याची शिफारस केली. यूजीसीनेही 2025 मध्ये अप्रेंटिसशिप जोडलेल्या पदवीसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. पुढच्या काळात आपल्या भागातली महाविद्यालयंही अशा पदव्यांकडे वळतील.

पण याच कायद्याचं 18 वं कलम सांगतं की शिकाऊ उमेदवार हा प्रशिक्षणार्थी आहे, कामगार नाही. 21 नोव्हेंबर 2025 पासून चार कामगार संहिता लागू झाल्या. त्यांतल्या औद्योगिक संबंध संहितेनेही 'कामगार' या व्याख्येतून अप्रेंटिसला बाहेर ठेवलं आहे. म्हणजे आठ तास मशीनवर उभा राहणारा मुलगा कायद्याच्या भाषेत विद्यार्थी आहे. किमान वेतनाचा हक्क त्याला नाही. तीन वर्षं झाली की 'उद्यापासून येऊ नका' एवढंच ऐकून तो गावी परत येऊ शकतो.

ही सूट कायद्याने एका अटीवर दिली आहे. कंपनीने त्याला शिकवलं पाहिजे. शिकवणं होत नसेल तर उरतात ते फक्त स्वस्त हात.

सहा महिने डिस्पॅचला

मुखेडचा तो मुलगा दिवाळीत घरी आला तेव्हा त्याच्याशी बोललो. खोलीत सहाजण, कॉट बेसिसवर. भाडं, मेस आणि मोबाइल जाऊन हातात जेमतेम तीन हजार उरतात, त्यातले दोन घरी पाठवतो. शिफ्ट दर आठवड्याला बदलते. रात्रपाळी करून आल्यावर ऑनलाइन तासाला डोळे मिटतात. "लेक्चर म्यूट करून झोपतो सर," असं तो हसत म्हणाला. परीक्षेच्या आधी सुट्टी मागितली तर सुपरवायझर म्हणतो, लाईन कोण चालवणार?

खरी गोष्ट त्याने नंतर सांगितली. पहिले सहा महिने तो डिस्पॅचला होता. खोकी मोजायची, स्टिकर लावायचे. सोबत आलेल्या दोघांना मात्र क्वालिटीत पाठवलं. तिथे मोजमापाची यंत्रं, ड्रॉइंग वाचणं, संगणक आहे. पहिल्या आठवड्यात सुपरवायझरने आडनाव विचारलं होतं, मग गाव, मग गावात राहता कुठे. "त्याच्यामुळेच असं झालं असं मी म्हणत नाही. पण मला कळलं," तो म्हणाला.

हे सिद्ध करता येणार नाही. पण समाजशास्त्राचा विद्यार्थी म्हणून आणि आंबेडकरी घरातला माणूस म्हणून मला मुंबईच्या गिरण्या आठवल्या. तिथे विणकाम खात्यात अस्पृश्य कामगारांना शिरकाव नव्हता. धागा तुटला की तो तोंडाने ओढून घ्यावा लागे, म्हणून विटाळाचं कारण पुढे केलं जाई. मजुरी मात्र त्याच खात्यात जास्त होती. 1928 च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे ठेवला. कारखान्याच्या दारातून आत जाणं पुरेसं नाही, आत कोणत्या खात्यात उभं करतात यावर आयुष्याची मजुरी ठरते, हे त्यांनी तेव्हाच ओळखलं होतं.

ऑक्टोबर 1942 मध्ये व्हाइसरॉयला दिलेल्या निवेदनातही त्यांनी तांत्रिक प्रशिक्षणाचा मुद्दा स्वतंत्रपणे मांडला. सरकारी छापखाने आणि रेल्वेच्या कार्यशाळा यांत अनुसूचित जातींच्या तरुणांना शिकाऊ म्हणून घ्यावं, ही मागणी त्यात होती. ऑफिसातल्या नोकरीइतकंच हातातलं तंत्र त्यांना महत्त्वाचं वाटत होतं.

कलम 3अ: आपल्याला माहीत नसलेला हक्क

खासगी क्षेत्रात आरक्षण नाही, असं आपण नेहमी म्हणतो. कायम नोकरीबाबत ते खरं आहे. शिकाऊ जागांबाबत खरं नाही. शिकाऊ उमेदवारी कायद्याच्या कलम 3अ नुसार मालकाने अनुसूचित जाती आणि जमातींसाठी प्रशिक्षणाच्या जागा राखून ठेवायच्या आहेत. मालक सरकारी आहे की खासगी, असा भेद तिथे केलेला नाही. त्या राज्यातली लोकसंख्या लक्षात घेऊन जागांचं प्रमाण ठरतं. 1990 च्या दुरुस्तीनंतर बौद्धांनाही केंद्राच्या पातळीवर अनुसूचित जातीचे हक्क मिळाले, त्यामुळे हे कलम आपल्याला थेट लागू आहे.

त्यात एक फट आहे. हे कलम 'निर्दिष्ट' व्यवसायांविषयी बोलतं, म्हणजे सरकारने ठरवून दिलेल्या ट्रेडविषयी. 2014 च्या दुरुस्तीने 'ऐच्छिक' व्यवसाय आणले. त्यांचा अभ्यासक्रम मालक ठरवतो आणि कलम 3अ मध्ये त्यांचं नाव नाही. म्हणून करारनाम्यावर ट्रेड कोणता लिहिला आहे, हे पाहणं फार महत्त्वाचं आहे. ऐच्छिक ट्रेडलाही हे आरक्षण लावा, ही आपल्या संघटनांची ठोस मागणी व्हायला हवी. आजवर ती आपल्या मोर्चाच्या निवेदनांत मला दिसलेली नाही.

लातूरचा कारखाना आणि आपली मागणी

हे सगळं पुण्यापुरतं नाही. लातूरला मराठवाडा रेल्वे कोच कारखान्याचं भूमिपूजन मार्च 2018 मध्ये झालं आणि 25 डिसेंबर 2020 ला पहिल्या डब्याचा सांगाडा तयार झाला. पुढे 120 वंदे भारत गाड्या बांधण्याचं काम रशियन कंपनी आणि रेल विकास निगम यांच्या संयुक्त कंपनीकडे गेलं. स्थानिकांना रोजगार, हे वाक्य प्रत्येक भाषणात ऐकू येतं. मग प्रश्न नेमका विचारा. किती शिकाऊ जागा? कोणत्या ट्रेडच्या? त्यांत अनुसूचित जातींच्या किती? वेल्डिंग आणि इलेक्ट्रिकलमध्ये किती, साफसफाई आणि माल हलवण्यात किती? 1942 मध्ये बाबासाहेबांनी रेल्वे कार्यशाळेचं नाव घेऊन जे मागितलं, ते आज आपल्या जिल्ह्यात मागता येतं.

प्रशिक्षण संपल्यावर काय, हाही प्रश्न आहेच. 20 मार्च 2018 ला रेल्वेच्या अप्रेंटिसांनी मुंबईत दादर-माटुंगा दरम्यान लोकल रोखल्या, त्या याच प्रश्नावर. कायद्याच्या 22 व्या कलमानुसार मालकाने प्रशिक्षण पूर्ण केलेल्यांना घेण्याबाबत स्वतःचं धोरण ठरवायचं आहे. नोकरीची हमी त्यात नाही. पण इतर गोष्टी समान असतील तर प्रशिक्षित अप्रेंटिसला थेट उमेदवारापेक्षा प्राधान्य द्यावं, असं सर्वोच्च न्यायालयाने 1995 मध्ये उत्तर प्रदेश परिवहन महामंडळाच्या प्रकरणात सांगितलं आहे. कंपनीचं धोरण लेखी मागण्याचा आधार आपल्याला आहे.

जाण्याआधी आणि गेल्यावर

जाऊ नका, असं मी कुणालाही म्हणणार नाही. शेतमजुराच्या घरात पदवी आणि महिन्याला नऊ हजार, हे नाकारायला पर्याय लागतो आणि तो आपल्या जिल्ह्यांत फारसा नाही. पण डोळे उघडे ठेवून जा.

• करारनामा सरकारी पोर्टलवर नोंदलेला आहे का, ते पाहा.
• पदवी कोणतं विद्यापीठ देणार, ते लेखी घ्या. ते यूजीसीच्या यादीत आहे का, स्वतः तपासा.
• कोणत्या खात्यात किती महिने, याचं प्रशिक्षणाचं वेळापत्रक मागा.
• ओव्हरटाइम शिकाऊ उमेदवारी सल्लागाराच्या मंजुरीशिवाय करून घेता येत नाही. कामावर इजा झाली तर भरपाईची जबाबदारी मालकाची आहे (कलम 16).
• मुलींसाठी: लैंगिक छळविरोधी कायदा, 2013 मधल्या 'कर्मचारी' या व्याख्येत अप्रेंटिसचा स्पष्ट उल्लेख आहे. अंतर्गत समितीकडे तक्रार करता येते.
• कराराबाबत वाद झाला तर तो सल्लागाराकडे जातो. त्यांचा निर्णय पटला नाही तर 30 दिवसांत अपील करता येतं.

ही यादी एकट्या मुलाला पुरत नाही. अठरा-एकोणीस वर्षांचा पोरगा सुपरवायझरला कलम दाखवणार नाही, आणि त्याने तसं करावं ही अपेक्षाही बरोबर नाही. ते काम आपलं आहे. प्रत्येक तालुक्याच्या विहारात महिन्यातून एक रविवार करारनामे वाचून दाखवायला ठेवता येईल. पुण्यात राहणाऱ्या नांदेड-लातूरच्या कार्यकर्त्यांनी चाकण आणि रांजणगावच्या खोल्यांवर जाऊन कोण कुठे आहे, कोणत्या खात्यात आहे, याची वही करता येईल. कलम 3अ नुसार कुठल्या आस्थापनेत किती जागा राखल्या आणि किती भरल्या, हे माहिती अधिकारात संबंधित सरकारी कार्यालयाला विचारता येईल. पन्नास मुलांची वही झाली की 'मला कळलं' याच्या पुढे जाऊन 'आमच्याकडे नोंद आहे' असं म्हणता येतं.

त्या आईला मी नंतर सांगितलं, "मावशी, ही नोकरी नाही आणि नुसतं कॉलेजही नाही. तो काम शिकायला गेलाय. शिकवतात का नाही, ते आपण विचारत राहायचं." दिवाळीनंतर मुलाने आम्ही मिळून लिहिलेला अर्ज दिला आणि प्रशिक्षणाचं वेळापत्रक मागितलं. जानेवारीपासून तो क्वालिटीत आहे. डिस्पॅचला आता दुसरा मुलगा आहे, उदगीरकडचा. त्याचाही फोन नंबर वहीत लिहून घेतला आहे.