थंडीचा फोटो काढायला मनालीच कशाला?

आपल्या गॅदरिंगमध्ये फोटो प्रदर्शन भरतं. ‘हिवाळा’ हा विषय असला की निकाल आधीच ठरलेला! बर्फाचा डोंगर, वर निळं आकाश, खाली लाल जॅकेट. पहिला नंबर मनाली, दुसरा मनाली, उत्तेजनार्थ गुलमर्ग. ज्याच्या घरून सहलीचे पैसे येतात तो कलाकार, बाकीचे टाळ्या वाजवणारे. माझं स्पष्ट मत आहे की हे बदललं पाहिजे.

कोणी म्हणेल, “काहून बे, सक्करदऱ्यात कुठं आला बर्फ?” कबूल. पण थंडी तर आहे! २९ डिसेंबर २०१८ ला नागपूरचा पारा ३.५ अंशांवर आला आणि १९३७ च्या जानेवारीतला ३.९ अंशांचा विक्रम मोडला. शिवाय हा आकडा हवेचा असतो. हवामान खात्याचा थर्मामीटर जमिनीपासून साधारण सव्वा मीटर उंचीवर, लाकडी पेटीत ठेवलेला असतो. आकाश निरभ्र असेल आणि वारा पडलेला असेल, तर जमीन आणि गवत आपली उष्णता भराभर वर फेकून देतात. गवताचं पातं हवेपेक्षा काही अंश जास्त थंड होतं. म्हणूनच महाबळेश्वरच्या वेण्णा तलावाकाठी हवेचं तापमान शून्याच्या वर असतानाही जीपच्या टपावर आणि स्ट्रॉबेरीच्या पानांवर दव गोठून पांढरा थर बसतो. दर हिवाळ्यात पेपरात फोटो येतो तो हाच. यात चमत्कार काही नाही, मेकॅनिकलवाल्यांचं हीट ट्रान्सफर आहे.

हिमकणांचे फोटो काढून जगप्रसिद्ध झालेला विल्सन बेंटली हा अमेरिकेतल्या व्हरमाँटचा साधा शेतकरी. १८८५ मध्ये त्याने मायक्रोस्कोपला कॅमेरा जोडून हिमकणाचा पहिला फोटो काढला आणि पुढे आयुष्यभरात पाच हजारांवर काढले. तेही आपल्याच गावात! त्याच्या अंगणात बर्फ पडत होता, त्याने बर्फ टिपला. आपल्या अंगणात दव आणि धुकं पडतं, आपण ते टिपावं.

तंत्र फार अवघड नाही. धुकं किंवा पांढरं दव समोर असलं की कॅमेऱ्याचं मीटर फसतं आणि फोटो मळकट करडा येतो. एक्स्पोजर एखादा स्टॉप वाढवायचं. थंडीत बॅटरी लवकर मान टाकते, म्हणून जादाची बॅटरी आतल्या खिशात ठेवायची. लेन्सवर श्वास सोडायचा नाही. थंड कॅमेरा उबदार खोलीत नेला की त्यावर पाणी धरतं, म्हणून आधी प्लास्टिकच्या पिशवीत बंद करायचा. आपल्या होस्टेलमध्ये ही भीती कमी, कारण आत-बाहेर तापमान सारखंच!

पण इथल्याच थंडीचे फोटो हवेत, यामागे याहून मोठं कारण आहे. मनालीचा गोठलेला माळ आपल्यासाठी नुसता देखावा असतो. इथं उमरेड रोडने थोडं शहराबाहेर गेलं की तुरीची शेतं लागतात. जे गोठलेलं दव फोटोत मोत्यासारखं दिसतं, तेच फुलोऱ्यातली तूर एका रात्रीत करपवतं. पेशींतलं पाणी गोठतं, पेशी फुटतात, फुलं गळतात. आपल्याकडे त्याला ‘दवाळ’ म्हणतात. अशा रात्री शेतकरी धुऱ्यावर काडीकचरा पेटवून धूर करतो, पिकाला हलकं पाणी देतो, म्हणजे सगळं गाव गोधडीत असताना तो ओल्या चिखलात उभा असतो. आपल्या होस्टेलमध्ये यवतमाळ, वर्धा, चंद्रपूरकडची कितीतरी पोरं आहेत. थंडीची लाट आली की त्यांचा घरी पहिला प्रश्न असतो, “बाबा, तूर कशी आहे?” हा प्रश्न ज्या फोटोत दिसेल तो माझ्या मते कोणत्याही बर्फाच्या डोंगरापेक्षा मोठा फोटो.

काही मित्र म्हणतात, कलेला हद्दी घालू नका. वर्षभर काढा ना कुठलेही फोटो, कोण अडवतं! पण स्पर्धेत सगळ्यांना पट्टी सारखी हवी. म्हणून सुचवतो : या वर्षी हिवाळा विभागात फक्त विदर्भात काढलेले फोटो घ्यावेत. मोबाईल आणि कॅमेरा दोन्ही चालावेत. प्रत्येक फोटोखाली ठिकाण, वेळ आणि त्या दिवशीचं किमान तापमान लिहावं. शेकोटीभोवती कोणी बसलेलं असेल, तर आधी विचारावं, मग क्लिक करावं.

आणि वॉर्डन सरांना एक नम्र विनंती. डिसेंबरअखेरीस सूर्य पावणेसातच्या सुमारास उगवतो आणि ऊन लागलं की गोठलेलं दव काही मिनिटांत पाणी होतं. सक्करदरा तलाव पायी जाण्याच्या अंतरावर आहे. स्पर्धेपुरतं तरी होस्टेलचं गेट साडेपाचला उघडावं. लवकर उठण्याची जबाबदारी आमची!