‘आमच्या वेळची गाणी’च गोड का वाटतात?

मुलाने मोबाइलवर रॅप लावलं की वडील म्हणतात, ‘गाणी आमच्या वेळची!’ या वादात गाण्याच्या दर्जापेक्षा कानांच्या सवयीचा भाग मोठा असतो. एखादी गोष्ट वारंवार समोर आली की ती आवडू लागते, हे मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट झायन्स यांनी १९६८ मध्ये दाखवून दिलं. गाण्याचंही तसंच आहे. चाल ओळखीची झाली की पुढची जागा येण्याआधीच मेंदू सुखावतो. त्यातही किशोरवय आणि विशीतल्या आठवणी सर्वांत पक्क्या, म्हणून त्या वयातली गाणी आयुष्यभर सोबत राहतात.

१९५५-५६ मध्ये पुणे आकाशवाणीवरून ‘गीतरामायणा’ची ५६ गीतं आठवड्याला एक अशी प्रसारित झाली. ज्यांच्याकडे रेडिओ होता, त्यांच्याकडे शेजारीही जमत. लहानथोरांच्या कानांवर एकच गाणं पडे. आज प्रत्येकाचा इअरफोन वेगळा. ॲपही काल ऐकलं त्याच्यासारखंच आज पुढे करतं. मग नवं आवडणार कसं आणि घरात सगळ्यांचं असं एखादं गाणं उरणार कसं?

म्हणूनच नव्या गाण्याला ‘गोंगाट’ म्हणण्याआधी वडिलांनी ते तीन-चारदा ऐकावं. मुलानेही वडिलांचं एखादं गाणं आपल्या यादीत ठेवावं.