इंग्रजी हटली ती कोणाची?

पश्चिम बंगालमध्ये डाव्या आघाडीच्या राजवटीने १९८० च्या दशकात सरकारी प्राथमिक शाळांतून इंग्रजी काढून टाकली. हेतू चांगला होता, हे मान्य. परंतु ऐपतदारांनी मुले खाजगी शाळांत धाडली. इंग्रजी हटली ती ताग गिरणीतील कामगाराच्या मुलाची. अखेर २००४ साली त्याच आघाडीला ती पहिलीपासून परत आणावी लागली. मधल्या पिढीची भरपाई कोण करणार? उच्च न्यायालयाचे निवाडे आणि जगभर पसरलेल्या कंपन्यांचे करारनामे आजही इंग्रजीतच निघतात. ते ज्याला वाचता येत नाहीत त्याला भाषाभिमानाचे व्याख्यान देणाऱ्या पुढाऱ्यांची नातवंडे कोठे शिकतात, हे सर्वश्रुत आहे! माध्यम मातृभाषाच हवे, यात वाद नाही. पण सरकारी शाळेत इंग्रजी विषयाला जाणता शिक्षक मिळावा, यासाठी मोर्चा अजून निघावयाचा आहे.