पेड न्यूज: वर्गातला धडा आपल्याच राज्याचा

राजकारण आणि मीडियाचं नातं विद्यापीठात शिकायचं, तर २००९ ची आपली विधानसभा निवडणूक वाचावीच लागते. एका बड्या नेत्याच्या कौतुकाचा मजकूर तीन मराठी पेपरांत शब्दाला शब्द तोच आला होता. पी. साईनाथ यांनी ते उघड केलं. प्रेस कौन्सिलच्या उपसमितीनं २०१० मध्ये ७१ पानी अहवाल दिला, पेपरांची नावं घेऊन. कौन्सिलनं मात्र तो दाबूनच ठेवला. माहिती आयोगाच्या आदेशानंतर २०११ मध्ये तो बाहेर आला.

गावाकडं याला सरळ 'पॅकेज' म्हणतात. पेपरात कोपऱ्यात बारीक 'जाहिरात' तरी दिसते, व्हॉट्सॲप ग्रुपवर तेही नाही. झेडपीच्या प्रचारात उमेदवाराची बातमी आली, की दोन-तीन ठिकाणची शेजारी ठेवून वाचा. आमचीही त्यात धरा.