जावाची साक्ष

आष्टीच्या वाड्यांत असो वा पुण्याच्या, पोथी लागली कीं महाभारतांतील प्रत्येक श्लोक व्यासांचाच, अशी आपली समजूत असते. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराच्या चिकित्सक आवृत्तीचें संपादन करितांना डॉ. सुकथनकरांनीं मात्र जावा बेटाचीही साक्ष काढिली. तेथें धर्मवंश राजाच्या काळीं, इ. स. ९९६ च्या सुमारास, कांहीं पर्वांचे प्राचीन जावानी गद्यांत सारानुवाद झाले. मधूनमधून मूळ संस्कृत चरण तसेच राहिले. डच पंडित युइनबोल यांनीं त्यांतील आदिपर्व १९०६ सालीं छापिलें. आपलीं बहुतेक हस्तलिखितें त्या अनुवादांहून कितीतरी अलीकडचीं; म्हणून श्लोक जुना कीं मागाहून घुसलेला, हें ठरवितांना ते चरण उपयोगीं पडले. दूरच्या भाषेचा अभ्यास हीही घरच्या पोथीचीच सेवा होय.